एक कुटुंब, एक सवलत

तिवरपाड्यात एक रीत आहे. ती कुणी आणि कधी घातली ते कुणालाच सांगता येत नाही. पाण्यात आहे तोवर मासा पुरुषाचा. बोट धक्क्याला लागून पाट्या खाली उतरल्या की तोच मासा बाईचा. मग तिनं तो पनवेलच्या बाजारात विकावा, वाळवावा, शेजारणीला द्यावा नाहीतर मांजरापुढे टाकावा, पुरुषानं विचारायचं नाही. विचारणारा पुरुष हलक्या मनाचा समजला जातो. विक्रीचा पैसा बाईच्या बटव्यात जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या डिझेलपुरता तिथूनच परत येतो. काशिराम कोळ्यानं ही रीत चाळीस वर्षं पाळली होती. आपण बायकोच्या पाटीत कधी डोकावलो नाही, हे तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

त्याची बोट 'जयगौरी'. इंजिन इतकं जुनं की ते सुरू झालं की अख्ख्या पाड्याला कळायचं, काशिराम निघाला. एके काळी तिच्यावर तीन खलाशी असायचे. मग खाडीत भराव पडत गेले, पात्र आवळलं, गाळ वर आला. जिताडा नि बोय या माशांनी आपापली वाट धरली आणि खलाश्यांनी गोदामांची. काशिराम एकटा उरला. भरती बघून तो निघायचा, जाळं लावायचा आणि पाणी फिरलं की काढायचा. मिळायची अर्धी पाटी. तिच्यात चार चिंबोऱ्या, ओंजळभर कोलीम आणि बाकी दुधाच्या पिशव्या. ती अर्धी पाटी तो धक्क्यावर सोनाबाईच्या हाती द्यायचा आणि मान वळवून पाय धुवायला जायचा.

आता प्रश्न असा, की मासा नाही तर माणूस जातो कशाला? त्याला कारण होतं डिझेलचं कार्ड. डिझेलवरच्या कराचा परतावा सरकार मच्छीमारांना देतं. तिवरपाड्याच्या सोसायटीत त्यासाठी कार्ड असायचं, आणि महिन्याला वीस फेऱ्या रजिस्टरवर पडल्या तरच ते चालू राहायचं. फेऱ्या कमी पडल्या की बोट बंद आहे असं धरायचे. म्हणून मासा असो वा नसो, वीस फेऱ्या व्हायच्याच. काशिराम स्वस्त डिझेल मिळत राहावं म्हणून डिझेल जाळतो, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याला भयंकर राग आला असता. तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्याचं तोवर बरं चाललं होतं.

सोनाबाईचं काम वाळवण्याचं. जवळा, मांदेली, बोंबील, करंदी. पूर्वी खाडीकाठी पाड्याचं सामाईक खळं होतं. शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर साऱ्या बायका आपापली मासळी पसरायच्या. ती जागा गेली आणि तिथं कंटेनरचे ट्रेलर उभे राहू लागले. तेव्हापासून सोनाबाई रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून वाळवत होती, आणि ट्रेलर गेला की मासळीवर धुळीचा थर बसत होता. पनवेलच्या बाजारात तिची सुकट नावाजलेली होती. पण मागच्या हंगामात खारघरची एक जुनी गिऱ्हाईक अर्धा किलो जवळा परत घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, दाताखाली वाळू येते. सोनाबाईनं पैसे परत केले. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

या सुमारास सरकारची योजना आली. सूर्याच्या उष्णतेवर मासळी सुकवायचं यंत्र. यंत्र म्हणजे काय, तर वर पारदर्शक छत, आत जाळीच्या फळ्या आणि गरम हवा खेळती ठेवायला सौर पॅनलवर चालणारा पंखा. जागा जेमतेम दोन खाटांची. धूळ नाही, माशी नाही, आणि तीन दिवसांचं वाळवण एका दिवसात. किमतीतला तीन चतुर्थांश भार सरकार उचलणार होतं. ही माहिती द्यायला अरुंधती नावाच्या मॅडम सोसायटीच्या ऑफिसात आल्या. योजनेच्या तपासनीस त्याच. चाळिशीच्या, हातात कागदांची जाड फाईल, बोलणं नेमकं.

बैठक चांगली रंगली. काशिराम पुढेच बसला होता. त्यानं विचारलं, की उन्हाला अनुदान म्हणजे काय? ऊन काय सरकारनं पाडलं? लोक हसले. बायकांच्या बाजूनं सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "ऊन फुकट हाय. जागा नाय." मग हसणं थांबलं.

मॅडमनी यंत्राची सगळी माहिती दिली आणि अट मात्र शेवटी सांगितली. अट अशी, की एका कुटुंबाला एकच सवलत. जे कुटुंब डिझेलचा परतावा घेतं त्याला सूर्याचं अनुदान नाही. सूर्याचं हवं तर डिझेलचं कार्ड जमा करायचं. पाठीमागून कुणीतरी विचारलं, की डिझेल स्वस्त देणारं सरकार आणि डिझेल सोडा म्हणणारं सरकार ही दोन आहेत की एक? मॅडमनी थाप मारली नाही. सरकार एकच, पण खाती दोन, असं त्या म्हणाल्या. डिझेलची फाईल फार जुनी, ती बंद करायची कुणाची तयारी नाही, सूर्याची फाईल नवी, आणि दोन्हीकडून पैसा सोडायला तिजोरी पुरत नाही. थोडक्यात, सरकारला स्वतःला निवडता येत नव्हतं, तेव्हा निवडायचं काम त्यानं घराघरांवर सोपवलं होतं.

काशिराम उठून उभा राहिला. त्यानं जे मांडलं ते काही अगदीच वावगं नव्हतं. उन्हावर बोट चालत नाही. बॅटरीचं इंजिन त्यानं उरणला पाहिलं होतं. ते भरतीसमोर लावलं की भरती नेईल तिकडे जातं. आणि दुसरं असं, की खारघरच्या टॉवरवर सौर पॅनल बसवतात तेव्हा सरकार म्हणतं का, की आधी खालची गाडी विका? मग गाडीवाल्याला जे विचारत नाही ते बोटवाल्यालाच का विचारता? अरुंधती मॅडम खारघरच्याच टॉवरमध्ये राहत होत्या. टॉवरवर पॅनल होतं आणि खाली त्यांच्या घरच्या दोन गाड्या होत्या. त्यांनी मुद्दा नोंदवून घेते एवढंच म्हटलं आणि खरंच नोंदवून घेतला.

घरी आल्यावर सोनाबाईनं सरळ विषय काढला, की डिझेलचं कार्ड सोडा. काशिराम म्हणाला, मग बोट विकू का? ती म्हणाली विकू नका, उभी करा. उभी राहिलेली बोट उन्हानं कशी तडकते ते तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या बापाची अशीच उभी राहिली होती, आणि बोटीमागून बापही दोन वर्षांत गेला होता. त्यानंतर तीन दिवस घरातलं बोलणं भांड्यांच्या आवाजावर भागलं.

तोडगा काढला काळूरामनं. काळूराम शेजारी राहायचा आणि सोसायटीचा चेअरमन होता. सरकारी कागदात फट कुठं आहे हे त्याला वासावरून कळायचं. फॉर्म त्यानं उलटासुलटा वाचला आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी त्याला एक चौकट सापडली. एकल महिला. विधवा, अविवाहित किंवा परित्यक्ता. अशी बाई म्हणजे तिचं ती स्वतंत्र कुटुंब. नवऱ्याच्या कार्डाशी तिचा संबंध नाही. लागणार काय, तर एक प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि घरी येऊन चौकशी.

"म्हंजे मी हिला सोडली?" काशिरामनं विचारलं.

"कागदावर रं," काळूराम म्हणाला. "सोसायटीतल्या भगवाननं कागदावर बापाशी चूल वेगली केली. दोन शेगड्या घेतल्या. जेवतात एकाच पानात."

काशिरामचा मुलगा प्रणित द्रोणागिरीच्या गोदामात होता आणि तिथंच राहायचा. त्याच्या नावावर घ्यावं तर यंत्र त्याच्या पत्त्यावर उभं राहिलं असतं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. तो मार्ग बंद होता. काशिरामनं बायकोकडे पाहिलं. ती बोंबलांची डोकी उडवत बसली होती. आता ही कोयता घेऊन काळूरामच्या अंगावर जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. तशी ती गेली असती तर त्याला बरंही वाटलं असतं. सोनाबाईनं हात पदराला पुसले आणि सही कुठं करायची एवढंच विचारलं. इतक्या झटकन विचारलं, की काशिरामच्या मनाला ते थोडं लागलं.

पण डिझेल वाचत होतं, यंत्र येत होतं, तेव्हा तो मुकाट बसला. दोन-चार दिवसांत त्यालाही गंमत वाटू लागली. त्याचं अंथरूण काळूरामच्या पोटमाळ्यावर गेलं. कपडे गेले, दाढीचं सामान गेलं. धक्क्यावर लोक विचारायचे, काय तात्या, दुसरी कुठं बघितली? तो म्हणायचा, बघतोय, कोल्ह्यासारखी लबाड नको. जेवायला मात्र तो दोन्ही वेळा घरीच यायचा, मागच्या दारानं.

चौकशीच्या आदल्या दिवशी काळूरामनं रंगीत तालीम घेतली. तो मॅडम झाला आणि सोनाबाईला प्रश्न विचारू लागला. नवरा किती वर्षांपूर्वी गेला? तर पाच सांगायचं. का गेला? तर दारू. काशिराम मधेच म्हणाला, दारू घालू नकोस, आयुष्यात शिवलो नाय. मग रोजची भांडणं असं ठरलं. सोनाबाईनं एकाही प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवलं नाही. मला शिकवू नका, मी बघते, असं म्हणून ती उठून गेली.

काशिरामला धास्ती होती ती हीच. सोनाबाईला खोटं बोलता यायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं सासूला चोरून माहेरी वाटीभर सोडे पाठवले होते, आणि कुणी न विचारताच दिवेलागणीला स्वतःहून कबूल केलं होतं. उद्या तीन प्रश्नांत ही बाई सगळं बाहेर काढील, कार्डही जाईल आणि यंत्रही, असा हिशेब त्यानं मनाशी केला. मग नाइलाजानं तो पोटमाळ्यावर चढला.

मॅडम सकाळी अकराला आल्या. मार्चचं ऊन चढलं होतं. ठरल्याप्रमाणे काशिराम खाडीत असायला हवा होता, पण ओहोटी लागली होती आणि 'जयगौरी' चिखलात बसली होती. तेव्हा तो काळूरामच्या घरात, भिंतीला लागून, पाटावर बसला. दोन घरांमध्ये पत्र्याची एकच भिंत. या घरात मिरचीची फोडणी पडली तर त्या घरात शिंक यायची. त्याला दिसत काही नव्हतं, पण पंख्याची करकर, मॅडमच्या फाईलची चेन उघडल्याचा आवाज, साक्षीदार म्हणून ओटीवर बसलेल्या काळूरामचं खाकरणं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

नाव, वय, आधार असं झालं. मग मॅडमनी विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?"

"खाडीत," सोनाबाई म्हणाली.

किती वर्षं झाली, असं मॅडमनी विचारलं. सोनाबाईनं थोडा विचार केला आणि तीन म्हणाली. पत्र्याआड काशिराम कपाळाला हात लावून बसला. पाच ठरलं होतं. घरखर्चाला काही देतात का, असं मॅडमनी विचारलं. त्यावर सोनाबाई नाही म्हणाली. तीन वर्षांत धरून चालावं असं काहीच हातात आलं नाही, असं तिनं सांगितलं. ती अडखळत नव्हती. आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. बाजारात भाव सांगावा तशी ती सांगत होती. काशिरामला जरा धीर आला. बायको आपल्याला वाटली तेवढी भोळी नाही, असं त्याच्या मनात आलं.

मग मॅडमनी विचारलं, की घर चालतं कशावर? सोनाबाई म्हणाली की ती पहाटे इतर चार बायकांबरोबर टेम्पोनं करंजाच्या बंदरावर जाते. तिथं लिलावात मांदेली आणि जवळा घेते. ऊन चढायच्या आत परत येऊन पसरते. पनवेलच्या बाजारात जी सुकट तिच्या नावानं विकली जाते ती सगळी करंजाची. इथल्या खाडीतलं त्यात मूठभरही नसतं. गिऱ्हाइकाला तसं सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

काशिराम पाटावर सरळ होऊन बसला. ताडपत्रीवरची मांदेली त्यानं पाहिली होती. आपण न आणलेली मासळी तिथं असते हे त्याला ठाऊक होतं. त्याचा समज असा, की आपल्या अर्ध्या पाटीला भर म्हणून ती थोडीफार विकत घेत असेल. भर कितीची आणि मूळ कितीचं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायची रीत नव्हती. करंजाला जायला ती पहाटे उठते हेही त्याला ठाऊक होतं, पण ती मिठासाठी जाते असं तो धरून चालला होता. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच धरलं होतं.

"त्यांनी शेवटचं काही आणून दिलं ते कधी?" मॅडमनी विचारलं.

सोनाबाईनं बोटांवर हिशेब केला. "दोन वर्सां झाली," ती म्हणाली. "गौरीच्या सनाला एक जिताडा गावलेला. मोठा होता. इकला नाय मी. घरीच रांधला."

तो जिताडा काशिरामला आठवत होता. त्या दिवशी तो धक्क्यावरून घरापर्यंत, चारचौघांनी विचारावं म्हणून, मुद्दाम लांबच्या वाटेनं आला होता. पत्र्याला टेकलेला त्याचा खांदा आपोआप सुटला. तिला खोटं बोलता येत नाही याची त्याला आदल्या रात्रीपर्यंत काळजी होती. आता त्याच्या ध्यानात आलं की ती अजून एकदाही खोटं बोललेली नाही. तीन वर्षं तर तीन वर्षं. खाडीत तर खाडीत. काळूरामनं फॉर्मवर जे लिहिलं ते तिच्या तोंडून खरं होऊन बाहेर पडत होतं.

मॅडम लिहीत होत्या. त्यांनी सहज विचारल्यासारखं पुढचं विचारलं, की भांडण कशावरून झालं? सोनाबाई म्हणाली, भांडण कधीच झालं नाही. मग सोडलं का? तर ती म्हणाली, त्यांनी काही सोडलं नाही. खाडीनं त्यांना सोडलं. ते आपले रोज जातात, इंजिन चालवतात, परत येतात. आता डिझेल वाढलं, पूर्वीच्या पैशांत भागत नाही, म्हणून तिनं या वर्षी बोंबलाची खरेदी कमी केली.

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणजे त्यांच्या डिझेलचे पैसे तुम्ही देता?"

"मंग कोन देनार?" सोनाबाई म्हणाली. "माजाच नवरा हाय."

ओटीवर काळूरामला मोठा खोकला आला. काशिराम पाटावरून उठला. पुढच्या दारानं जावं की मागच्या, हा विचार त्याला सुचला नाही. तो बनियन आणि अर्ध्या चड्डीवर गल्लीतून वळून सरळ स्वतःच्या घराच्या पुढच्या दारात येऊन उभा राहिला.

"मी काशिराम," तो मॅडमना म्हणाला. "हिचा नवरा. हितंच ऱ्हातो."

मॅडमना फार आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी या वर्षात सदोतीस परित्यक्ता तपासल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांचे नवरे दाराआड सापडले होते. काळूराम काहीतरी समजावून सांगू लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग त्या म्हणाल्या, "खोटं डिक्लेरेशन असं मी लिहिलं तर दोन्ही सवलती जातील आणि साक्षीदारही अडकतील. तसं मी लिहीत नाही, हा कागद परत केला असं धरते. पण आता दोन्हींपैकी एकच. कोणती ते आत्ता सांगा. मला अजून चार घरं आहेत."

काशिराम दारातच उभा होता. चाळीस वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. बैठकीत मांडलेले सगळे मुद्दे त्याला आठवत होते आणि ते अजूनही त्याला चुकीचे वाटत नव्हते. खारघरच्या गाड्यांचा मुद्दा तर त्याला आजही बिनतोड वाटत होता. पण ते सरकारला विचारायचे मुद्दे होते, आणि आता प्रश्न या घरातला होता.

"डिझेलचा कार्ड काढून घ्या," तो म्हणाला. "यंत्र हिला द्या."

सोनाबाईला दोन महिने जे हवं होतं ते मिळालं होतं. तिचं तोंड फुलायला हवं होतं. ती उठून उभी राहिली आणि मॅडम, काळूराम कुणाकडेही न बघता काशिरामला म्हणाली, "आनि तुमी? दिवसभर करनार काय?"

हा टोमणा नव्हता. तिच्या आवाजात भीती होती आणि ती आजची नव्हती. काशिरामनं तो प्रश्न ऐकला आणि एवढा वेळ जे कळलं नव्हतं ते त्याला कळलं. पहिली रिकामी पाटी तिनं धक्क्यावर हातात घेतली तेव्हाच तिला सगळं ठाऊक झालं होतं. तरी दुसऱ्या दिवशी डिझेलचे पैसे निघाले. तिसऱ्या दिवशी निघाले. तीन वर्षं निघत राहिले. ते मासळीसाठी नव्हते. सकाळी उठून माणसाला कुठंतरी जायला असावं, इंजिनाचा आवाज पाड्यानं ऐकावा, तेवढ्यासाठी होते. उभ्या बोटीमागून माणसाचं काय होतं हे तिनं एकदा माहेरी पाहिलं होतं. कार्ड सोडा असं ती म्हणाली होती ती हात टेकून म्हणाली होती. त्यानं नाही म्हटल्यावर कागदावर टाकलेली बायको व्हायलाही ती तयार झाली, कारण त्यात बोट चालू राहत होती. सही कुठं करायची असं तिनं एवढ्या झटकन विचारलं, ते त्याचसाठी.

त्याला लाज वाटली. अगदी उघड, कान तापतील अशी. आणि लाजेच्या पाठोपाठ ही बाई त्याला फार आवडली, इतक्या वर्षांनी, दोन बाहेरच्या माणसांसमोर, भर दुपारी. दिवसभराचं बघू, असं तो म्हणाला, आणि तिला ते पुरलं नाही हे त्याला दिसलं.

मॅडमनी नवा फॉर्म काढला. अर्जदार सोनाबाई काशिराम कोळी. पतीचं नाव, पत्ता, कुटुंबातल्या व्यक्ती दोन. डिझेलचं कार्ड जमा करण्याच्या कागदावर त्यांनी काशिरामची सही घेतली. ती त्यानं सावकाश, पूर्ण नाव लिहून केली. मग त्या शेवटच्या पानावर आल्या. तिथं एक रकाना होता, कुटुंबानं याआधी घेतलेल्या इतर अनुदानांचा.

"डिझेलचा परतावा मी वेगळा दाखवते," मॅडम म्हणाल्या. "त्याशिवाय कुणाचं काही अनुदान घेतलंय का?"

"घेतलंय," काशिराम म्हणाला. "हिचं. तीन वर्सां."

मॅडमनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग सोनाबाईकडे पाहिलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती. मॅडमनी पेन पुन्हा कागदाला लावलं आणि त्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं.